कागदावरचे छर्रे मोजताना गेलेले आठ महिने

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वहीच्या पहिल्या पानावर पाच नावं लिहिली: लावा, फेझंट (रानकोंबड्यासारखा पक्षी), ससा, बदक, हंस. हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होणार होता. बंदूक, म्हणजे एका बारात अनेक छर्रे फेकणारी शॉटगन, अजून घेतलेली नव्हती, आणि कोणती घ्यावी याबद्दल जो तो वेगळंच सांगत होता. काडतुसांच्या खोक्यावर इंच, औंस, ग्रॅम, मिलिमीटर आणि नंबर असे पाच-सहा आकडे एका ओळीत छापलेले असतात. त्यातला कुठला आकडा आपल्या कामाचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. तो गुंता ज्या क्रमाने सुटत गेला, त्याच क्रमाने इथे मांडला आहे. शिकार जिथे कायदेशीर आहे, तिथे परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत करायची, हे सगळीकडे गृहीत धरलं आहे.

परवाना आणि पहिला अडथळा

अर्जासोबत ओळखीचा पुरावा, वैद्यकीय दाखला, बंदूक ठेवण्याच्या कुलूपबंद लोखंडी कपाटाचा फोटो आणि शिकार-सुरक्षेच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र जोडायचं होतं. अभ्यासक्रम दोन दिवसांचा, शेवटी लेखी परीक्षा आणि मैदानावर हाताळणीची चाचणी. अर्जात बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा, रकाना होता. बोअर ठरलेला नव्हता म्हणून तो रिकामा ठेवला, तर अर्ज तीन आठवड्यांनी परत आला. पुन्हा भरून दिल्यावर परवाना हातात यायला आणखी नऊ आठवडे गेले. म्हणून बोअर आधी ठरवा आणि अर्ज मग भरा. सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती ठेवा, आणि वैद्यकीय दाखल्यावरची तारीख अर्जाच्या तारखेपेक्षा फार जुनी नाही ना, ते बघा.

ते तीन महिने वाया गेले असं तेव्हा वाटत होतं. पण सगळ्यात उपयोगी काम त्याच दिवसांत झालं.

अंतर मोजणं

शॉटगनची निवड बंदुकीपासून सुरू होत नाही. कोणता प्राणी आणि तो किती अंतरावर असेल, इथून ती सुरू होते. अंतरावरून छर्‍याचा आकार ठरतो, छर्‍यावरून किती दाट पसारा लागेल ते कळतं, पसार्‍यावरून चोक (नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा) ठरतो आणि बंदूक सगळ्यात शेवटी येते.

मार्चमध्ये अंतरमापक दुर्बीण घेऊन रानात आणि पाणवठ्याकाठी बसणं सुरू केलं. नुसत्या डोळ्यांनी आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं. पहिल्या दिवशी वीस अंदाजांपैकी बहुतेक चुकले, आणि चुकण्याचीही एक तर्‍हा होती. मोकळ्या आकाशातला पक्षी असतो त्यापेक्षा जवळचा वाटतो, झुडपातून उठणारा लांबचा वाटतो. ‘चाळीस मीटर’ म्हणून लिहिलेला हंस पंचावन्न मीटरवर निघायचा. पायातून उठलेला लावा पंधरा ते वीस मीटरवरच असायचा. दोन आठवड्यांनी वहीत जे आकडे उरले ते असे: लावा १५ ते २५ मीटर, कुत्र्याने उठवलेला फेझंट २० ते ३५, ससा २० ते ३०, नकली बदकांवर उतरणारं बदक २० ते ३०, वरून पुढे जाणारं ३५ ते ४०. हंसासाठी ४० मीटर हीच हद्द ठरवली. त्याच्या पलीकडचा पक्षी सोडायचा. जखमी होऊन उडून गेलेला पक्षी पुढे कुठेतरी दोन दिवसांनी मरतो आणि तो कुणाच्याच मोजणीत येत नाही. हे टाळण्यासाठीच पुढची सगळी मेहनत होती.

बोअर, कोठी आणि वजन

बोअरचा आकडा उलटा चालतो. नळीच्या व्यासाइतक्या १२ शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरत असतील, तर ती बारा बोअर. वीस लागत असतील तर वीस बोअर. म्हणून आकडा मोठा तशी नळी लहान. बारा बोअरची नळी साधारण १८.५ मिमी, विसाची १५.६ मिमी. ४१० याला अपवाद आहे, तो सरळ इंचातला व्यास आहे: ०.४१० इंच.

लावा आणि ससा एवढंच असतं, तर वीस बोअर पुरली असती, हातालाही हलकी झाली असती. यादीत बदक आणि हंस होते, आणि पाणवठ्यावर शिसं चालत नाही. पोलादी छर्रा मोठा घ्यावा लागतो आणि मोठा छर्रा पुरेशा संख्येने बसवायला काडतुसात जागा लागते. म्हणून बारा बोअर, ३ इंची म्हणजे ७६ मिमी कोठीची.

कोठी म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा. तिची लांबी नळीवरच कोरलेली असते: ६५, ७०, ७६ किंवा ८९ मिमी. इथे एक घातक फसगत होते. काडतुसावर छापलेली लांबी ही बार उडाल्यानंतर, घडी उलगडलेल्या नळकांड्याची असते. त्यामुळे ७६ मिमीचं न उडालेलं काडतूस ७० मिमीच्या कोठीत अगदी आरामात बसतं, बंदूक बंदही होते. बार उडाला की घडीला उलगडायला जागा मिळत नाही, वाट अरुंद होते आणि दाब धोकादायक वाढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हा हिशेब इथे लावू नका. उलट बाजूने, म्हणजे लांब कोठीत आखूड काडतूस, चालतं.

दुसरी फसगत दोन बोअरच्या बंदुका एकाच घरात असल्या की होते. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये घातलं, तर ते घसरून कोठीच्या पुढे नळीत अडकतं. मागून पाहिलं की कोठी रिकामी दिसते. त्यामागे बाराचं काडतूस घालून घोडा ओढला की नळी फुटते. विसाची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत याच कारणाने पडली. खिशात दोन बोअर कधीही एकत्र ठेवू नका, आणि एकाच जाकिटातून दोन वेगळ्या दिवशीही नाही; शिवणीत एखादं राहून जातं.

वजनासाठी जुना ९६ चा नियम वापरला: छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट बंदूक असावी, म्हणजे धक्का सोसवतो. २८ ग्रॅमला सुमारे २.७ किलो, ३२ ग्रॅमला ३.१ किलो, ३६ ग्रॅमला जवळपास ३.५ किलो. दिवसभर चालत लाव्यामागे फिरायचं तर साडेतीन किलो खांद्यावर जड होते. एका जागी बसून हंसाची वाट बघायची तर तेच वजन सुखाचं वाटतं. मधला मार्ग म्हणून ३.२ किलोची, वर-खाली दोन नळ्यांची, बदलत्या चोकची बंदूक ठरवली. पंप (पुढचा दांडा हाताने मागे-पुढे करून काडतूस चढवायची) आणि सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) दोन्ही हाताळून पाहिल्या. गॅसवर चालणार्‍या सेमी-ऑटोत धक्का खरोखरच कमी जाणवतो, तिसरं काडतूसही मिळतं. पण दोन नळ्यांचा एक फायदा मला मोठा वाटला: दोन वेगळे चोक एकाच वेळी हाताशी असतात, जवळच्या पक्ष्याला एक, पुढे गेलेल्याला दुसरा. शिवाय बंदूक उघडली की ती रिकामी आहे हे दहा पावलांवरच्या माणसालाही दिसतं.

दस्ता अंगाला बसवणं

मेच्या मध्यात बंदूक आली. लगेच काडतुसं घ्यायला धावू नका. रायफलला मागचा नेम, म्हणजे नेम धरायची मागची खाच, असतो, शॉटगनला नसतो. तुमचा डोळा हाच मागचा नेम. दस्ता अंगाला बसला नाही, तर चोक आणि छर्रे कितीही जुळवले तरी पसारा भलतीकडे जातो.

आधी कुठला डोळा वरचढ ते तपासा. हात लांब करून अंगठ्याने दूरची एखादी खूण झाका, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने अंगठा खुणेवरून हलत नाही तो वरचढ. उजव्या खांद्यावरून बार काढणार्‍याचा डावा डोळा वरचढ असेल, तर डावा मिटावा तरी लागतो किंवा चष्म्याच्या काचेवर छोटी पट्टी चिकटवावी लागते.

मग मैदानावर १६ यार्ड, म्हणजे साधारण १४.६ मीटरवर मोठा कागद लावला, मध्ये मुठीएवढा काळा ठिपका काढला. घट्ट चोक, स्वस्तातलं हलकं काडतूस. नजर ठिपक्यावर ठेवून बंदूक सहज उचलायची आणि खांद्याला लागताच बार काढायचा. नेम धरत बसायचं नाही. सहा-सात बार एकाच कागदावर काढले की दाट भाग कुठे पडतो ते दिसतं. या अंतराचा फायदा असा की हिशेब सरळ होतो: कागदावरची एक इंच चूक म्हणजे दस्त्यात एक षोडशांश इंच, म्हणजे १.६ मिमी बदल. कागदावर दाट भाग तीन इंच वर आणि दोन इंच डावीकडे आला. म्हणजे गाल टेकायची कड साधारण ५ मिमीने खाली हवी होती आणि दस्ता ३ मिमीने उजवीकडे वळायला हवा होता. कारागिराकडे नंबर लागून काम व्हायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत रिकाम्या, दोनदा तपासलेल्या बंदुकीने आरशासमोर उचलण्याचा सराव करता आला असता. बंदूकच हातात नव्हती. हे काम हंगामाच्या तोंडावर काढू नका, कारागिरांकडे तेव्हा रांग असते.

छर्‍यांचे नंबर: इथे बहुतेकांचं चुकतं

नंबर वाढला की छर्रा लहान होतो, हे लवकर कळतं. पण देशागणिक नंबर बदलतात, हे उशिरा कळतं. अमेरिकी पद्धतीत १७ मधून नंबर वजा केला की इंचाच्या शंभराव्या भागात व्यास मिळतो: ६ नंबर म्हणजे ०.११ इंच, २.८ मिमी. इंग्रजी ६ नंबर मात्र २.६ मिमीचा, अमेरिकी ६ च्या जवळ जाणारा इंग्रजी छर्रा ५ नंबरचा. दोन देशांतली खोकी एकाच फळीवर असतात, तेव्हा नंबर सोडून द्या आणि मिलिमीटर वाचा. या लेखात पुढे सगळे नंबर अमेरिकी आहेत.

एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये शिशाचे छर्रे साधारण किती बसतात तेही वहीत लिहून ठेवलं: ८ नंबरचे ४१०, साडेसातचे ३५०, सहाचे २२५, पाचचे १७०, चारचे १३५. लाव्यासारख्या मुठीएवढ्या पक्ष्याला संख्या हवी. तिथे मोठा छर्रा घेतला तर कागदावर मध्येच अशा मोकळ्या जागा राहतात की त्यातून पक्षी सुटतो, किंवा एकच छर्रा लागून जखमी होतो. हंसाला उलट: पिसांचा जाड थर आणि छातीचं मांस भेदून आत पोचणारा छर्रा हवा, संख्या थोडी कमी चालते.

पाण्यातल्या पक्ष्यांसाठी शिसं बाजूला ठेवावं लागतं. बदकं दळणासाठी खडे गिळतात तसे तळातले छर्रेही गिळतात. पोटात ते झिजतात आणि पक्ष्याला विषबाधा होते. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे बंद केले, अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी ही बंदी १९९१ पासून देशभर आहे, युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागेत आणि तिच्या १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे चालत नाहीत. मला हा नियम जाच वाटत नाही. ज्या पाण्यावर पक्षी उतरावेत असं वाटतं, तिथे विष पेरायचं नाही, इतकी साधी गोष्ट आहे.

पोलाद शिशापेक्षा जवळपास ३० टक्के हलकं, म्हणून त्याच आकाराचा पोलादी छर्रा हवेत लवकर मंदावतो. उपाय म्हणजे दोन नंबर मोठा छर्रा: शिशाच्या सहाऐवजी पोलादाचा चार. पोलादी चार नंबरचे औंसाला सुमारे १९२ बसतात, दोन नंबरचे १२५, ‘बीबी’ या त्याहून मोठ्या छर्रा-मापाचे ७२. जुन्या, पातळ नळीच्या बंदुकीत पोलाद घालायचं नसेल, तर बिस्मथ हा पर्याय आहे. ते शिशाहून थोडंच हलकं आणि मऊ असतं. टंगस्टनच्या मिश्रधातूचे छर्रे शिशाहूनही जड असतात. ते अगदी लहान आकारातही आत पोचतात, पण इतके महाग की सरावाला ते कुणी वापरत नाही.

चोक: नाव नव्हे, फरक

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा. बारा बोअरमध्ये पाव चोक साधारण ०.२५ मिमी, अर्धा ०.५ मिमी, पाऊण ०.७५ मिमी आणि पूर्ण चोक एक मिलिमीटरच्या आसपास. सरळ नळी म्हणजे सिलिंडर, तिथे अरुंदपणा शून्य. हा आकडा नळीचा आतला व्यास आणि चोकचा व्यास यांच्यातला फरक आहे. चोकवर ‘अर्धा’ कोरलेलं असलं तरी तो कुठल्या नळीत बसतो यावर खरं माप ठरतं. चोकचं तोंड १८.१ मिमी असेल आणि नळी १८.६ मिमी, तर तो खरोखर अर्धा. तीच चोक-नळी, म्हणजे तोंडाशी फिरवून बसवायचा सुटा चोक, १८.४ मिमीच्या बंदुकीत बसली, तर पावाहून जराशीच जास्त. कारागिराकडून दोन्ही नळ्या आतून मोजून घेतल्या. एक १८.५, दुसरी १८.६ निघाली. फरक लहान आहे, पण माहीत असलेला बरा.

चोकच्या कडेला खाचा असतात. सर्वसाधारण पद्धतीत एक खाच म्हणजे पूर्ण, दोन म्हणजे पाऊण, तीन अर्धा, चार पाव, पाच सिलिंडर. खाचा जितक्या जास्त तितका चोक मोकळा, हे डोक्यात बसायला वेळ लागतो.

पोलाद दबत नाही, म्हणून घट्ट चोकमध्ये मोठे पोलादी छर्रे नळीच्या तोंडाला इजा करू शकतात. युरोपातल्या चाचणी-नियमांनुसार ४ मिमीपेक्षा मोठा पोलादी छर्रा अर्ध्याहून घट्ट चोकमधून काढायचा नाही, आणि जास्त दाबाची पोलादी काडतुसं फक्त खास चाचणी झालेल्या, नळीवर लिलीच्या फुलाची खूण असलेल्या बंदुकीतच. ही खूण बंदूक विकत घेतानाच शोधा.

कागदावरचे तीन महिने

जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दर रविवारी सकाळी हेच काम. कागद चार फूट बाय चार फूट, मागे मऊ मातीचा उंच बांध. पोलाद कठीण पृष्ठभागावरून उलट येतं, त्यामुळे दगड, लोखंडी पाटी किंवा ओंडका मागे नको, आणि चष्मा घालायचाच. शिशाचा सहा नंबर छर्रा वर उडाला तर दोनशे मीटरच्या पुढे जातो. बांधाच्या मागचा भाग मोकळा असल्याची खात्री आधी करायची.

प्रमाण अंतर ४० यार्ड, म्हणजे ३६.६ मीटर. कागदाच्या मधोमध नेम धरून, टेकू देऊन एक बार. वर्तुळ आधी काढायचं नाही. बार झाल्यावर सगळ्यात दाट भाग बघायचा आणि त्याच्याभोवती ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ ओढायचं. आतली भोकं मोजायची. मोजलेल्या भोकावर पेन्सिलची खूण, नाहीतर दोनदा मोजली जातात. आतल्या छर्‍यांना काडतुसातल्या एकूण छर्‍यांनी भागलं की टक्के मिळतात. सिलिंडरला ४०, पावला ५०, अर्ध्याला ६०, पूर्ण चोकला ७० टक्के अपेक्षित असतात.

एकूण छर्रे खोक्यावरून गृहीत धरू नका. प्रत्येक जातीची तीन काडतुसं तोंडाकडून उघडून फक्त छर्रे मोजले. बारूद आणि टोपीला हात लावला नाही. ३२ ग्रॅम सहा नंबरच्या काडतुसात हिशेबाने २५३ असायला हवेत, प्रत्यक्षात सरासरी २४६ निघाले.

काडतूस आणि चोक यांच्या एका जोडीचे पाच बार तरी हवेत. पहिल्या रविवारी प्रत्येक चोकचा एकेकच कागद काढला आणि त्यावरून निष्कर्ष लिहिले. पुढच्या आठवड्यात तेच काडतूस, तोच चोक, आकडा आठ टक्क्यांनी वेगळा. ते पान खोडून पुन्हा सुरुवात केली. पाच बारांची सरासरी काढेपर्यंत काहीच ठरवायचं नाही, हा नियम तेव्हापासून. या सगळ्याला सुमारे दीडशे काडतुसं लागली, आणि मोजण्यात मैदानापेक्षा घरच्या टेबलावर जास्त वेळ गेला.

टक्क्यांइतकंच मोकळ्या जागांकडे बघा. पक्ष्याच्या आकाराचा पुठ्ठा कापून घेतला, लाव्यासाठी तळहाताएवढा, बदकासाठी मोठा. वर्तुळावर तो सरकवत न्यायचा. पुठ्ठ्याखाली चारपेक्षा कमी छर्रे येणार्‍या जागा खूप निघाल्या, तर ती जोडी त्या अंतरासाठी नको, टक्के कितीही चांगले असोत.

तीन गोष्टी अनपेक्षित निघाल्या.

शिशाच्या दोन काडतुसांत नंबर, वजन, वेग सगळं सारखं, तरी एकाचा पसारा अर्ध्या चोकमध्ये ६३ टक्के आणि दुसर्‍याचा ५४. उघडून पाहिल्यावर कारण दिसलं: दुसर्‍यातले छर्रे नखाने दबत होते. मऊ शिसं बार होताना चेपतं, चेपलेला छर्रा सरळ जात नाही आणि पसार्‍याच्या कडेला निसटतो. अँटिमनी हा धातू मिसळलेलं कठीण शिसं एकमेकांना धरून जातं. वॅडचाही, म्हणजे बारूद आणि छर्रे यांच्यामधल्या गादीचाही, परिणाम होतो. प्लास्टिकच्या पेल्यात बसलेले छर्रे नळीला घासत नाहीत. साध्या दाबलेल्या वॅडमध्ये बाहेरचे छर्रे घासतात आणि पसारा थोडा मोकळा होतो. जवळच्या लाव्यासाठी तेच सोयीचं ठरलं, आणि रानात प्लास्टिकही पडत नाही.

पोलादाचा पसारा मुळात घट्ट असतो, कारण छर्रे चेपतच नाहीत. दोन नंबरच्या पोलादाने अर्ध्या चोकमधून सरासरी ७२ टक्के दिले, म्हणजे शिशाच्या पूर्ण चोकसारखे. मग पाऊण चोक लावून पाहिला. छर्रा ३.८ मिमीचा आणि चोक पोलादासाठी चालणारा, त्यामुळे धोका नव्हता. टक्के वाढले नाहीत, उलट प्रत्येक कागद वेगळा आला, कधी ७४ तर कधी ६१. पोलादाला जास्त आवळून काही मिळत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासाची. पाव चोक खालच्या नळीत लावला की पसारा नेमापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर उजवीकडे जायचा, वरच्या नळीत मात्र नेमका. दोन रविवार दस्त्यावर आणि स्वतःच्या हातावर संशय घेण्यात गेले. शेवटी चोक-नळी काढून पाहिली तर आट्यांत जुनं बारूद साचून ती पूर्ण बसत नव्हती. आटे ब्रशने स्वच्छ केले, वंगणाचा पातळ हात दिला, आणि पसारा मध्यावर आला. तेव्हापासून दर २५ बारांनी, बंदूक रिकामी करून आणि उघडून, चोक घट्ट आहे का ते हाताने तपासतो. चोक-नळीशिवाय बार कधीच काढू नका, आटे खराब होतात. सैल नळीच्या मागे छर्रे अडकले तर तोंड फुगतं.

कोणत्या प्राण्याला काय ठरलं

लावा: शिशाचे ८ नंबर, २८ ग्रॅम, पहिल्या नळीत सिलिंडर, दुसर्‍यात पाव. वीस मीटरवर अर्धा चोक लावला तर पसारा हातभर राहतो. मग एकतर चुकतं, नाहीतर पक्षी खाण्याजोगा उरत नाही. पाणलाव्यालाही हेच माप चालतं, पण तो दलदलीत असतो म्हणून छर्रे शिशाचे नकोत.

फेझंट: ३२ ग्रॅम सहा नंबर, पाव आणि अर्धा. हंगामाच्या शेवटी पक्षी लांबून उठायला लागतात, तेव्हा पाच नंबर. सशालाही सहाच, अर्ध्या चोकमधून, आणि नेम डोक्याकडे.

बदक: उतरणार्‍यांसाठी पोलादी चार नंबर, पाव चोक, पुढे जाणार्‍यांसाठी पोलादी दोन, अर्धा चोक. हंस: बीबी, ३५ ग्रॅम, अर्धा चोक, त्याहून घट्ट नाही. छर्रा ४.६ मिमीचा असल्याने तो नियमच आहे, आणि कागदावरही अर्ध्यानेच चांगलं दिलं.

टर्की यादीत नव्हता, पण कागद लावलेलाच होता म्हणून त्याचीही पद्धत समजून घेतली. तिथे नेम डोक्या-मानेवर असतो, म्हणून मोठं वर्तुळ कामाचं नाही. १० इंची वर्तुळ काढतात आणि त्यात शंभराच्या आसपास छर्रे ज्या अंतरापर्यंत पडतात, तीच तुमची हद्द. पूर्ण किंवा त्याहून घट्ट चोक लागतो तो इथेच.

रानडुक्कर किंवा हरणासाठी अखंड गोळी वापरायची झाली, तर हिशेब पूर्ण वेगळा. वळ्या पाडलेली गोळी साध्या नळीतून, सिलिंडर किंवा पाव चोकमधून. प्लास्टिकच्या आवरणातली लहान गोळी फक्त आतून आटे पाडलेल्या नळीसाठी. साध्या नळीत ती फिरत नाही आणि कुठेही जाते. मोठ्या छर्‍यांचं बकशॉट मी तीस मीटरच्या पुढे विचारातही घेणार नाही. नऊ छर्‍यांपैकी दोनच अंगावर बसलेलं जनावर शोधायला रात्र जाते, आणि बर्‍याच ठिकाणी कायद्यानेही ते बंद आहे.

हंगामाच्या आदल्या आठवड्यात

सप्टेंबरच्या शेवटी ठरलेल्या जोड्यांचा एकेक शेवटचा कागद त्या-त्या खर्‍या अंतरावर काढला: लाव्याचा २० मीटरवर, बदकाचा ३०, हंसाचा ४०. काडतुसं एकाच उत्पादन-क्रमांकाची घेतली. क्रमांक बदलला तर कागद पुन्हा. प्रत्येक खोक्यावर जाड शाईने प्राणी, चोक आणि हद्दीचं अंतर लिहिलं. शिसं आणि पोलाद वेगवेगळ्या रंगाच्या पिशव्यांत ठेवलं, कारण पाणवठ्यावर खिशात शिशाचं एक काडतूस सापडलं तरी तो गुन्हा ठरू शकतो. सेमी-ऑटो वापरणार्‍यांनी किती काडतुसं भरायची परवानगी आहे तेही बघावं. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी एकूण तीन, त्यासाठी बंदुकीत अडसर घालावा लागतो.

पाणवठ्यावर बसायच्या जागेपासून ४० मीटरवर, सगळ्या बाजूंना, बांबूच्या काठ्या रोवल्या. काठीच्या पलीकडचा पक्षी आपला नाही. सकाळी चिखलात किंवा बर्फात बंदुकीचं तोंड टेकलं गेलं, तर उघडून, काडतुसं काढून, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. चिखलाचा छोटा बोळाही नळी फाडायला पुरतो. म्हणून खिशात बोअरच्या मापाची नळी साफ करायची सुती दोरीची फिरकी आणि चोकची चावी, इतकं सामान रोज बरोबर असतं.